इंग्लंडमधील कौन्सिलचा खर्च आणि पेन्शन फंड : सरकारचे नियंत्रण कुठे चालते आणि कुठे थांबते

नोकरीनिमित्त स्लाव, रेडिंग, हॅरो किंवा मिल्टन कीन्समध्ये येऊन राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या हाती पहिल्या काही आठवड्यांतच कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे कौन्सिल या स्थानिक पालिकेने आकारलेल्या घरावरील कराचे, बिल पडते. घरातील कोणी कौन्सिलच्या कार्यालयात, ग्रंथालयात किंवा सरकारी शाळेत शिक्षक-मदतनीस म्हणून लागले असेल, तर पगारपत्रकावर आणखी एक कपात दिसते. ती ‘एलजीपीएस’ची, म्हणजे स्थानिक शासन पेन्शन योजनेची असते. दोन्ही रकमा कौन्सिलच्याच नावाने जातात, म्हणून त्या एकाच तिजोरीत पडतात असा समज सहज होतो. आणि एखादी कौन्सिल आर्थिक संकटात सापडल्याची बातमी आली की ‘मग आमच्या पेन्शनचे काय?’ हा प्रश्न लगेच उठतो. लंडनमधील केंद्र सरकार या दोन्ही पैशांवर लक्ष ठेवून असते, पण त्याचे कायदे, मार्ग आणि मर्यादा दोन्हीकडे वेगवेगळ्या आहेत. त्या नीट कळल्या की कोणत्या गोष्टीची तक्रार कोणाकडे करायची, हेही आपोआप कळते. पुढील विवेचन इंग्लंडपुरते आहे. वेल्समध्ये पेन्शन योजना तीच असली तरी कौन्सिल टॅक्सचे नियम निराळे आहेत, आणि स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमध्ये दोन्ही बाबतींत स्वतंत्र व्यवस्था आहे.

पायरी १ : पैसा कोणाचा, हे आधी ठरवा

कौन्सिल टॅक्स हा कर आहे. तो भरल्यावर ते पैसे सार्वजनिक होतात आणि निवडून आलेल्या कौन्सिलरांनी मंजूर केलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणे खर्च होतात. पेन्शन फंडातील पैसा मात्र कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला आणि कामाच्या मोबदल्याचाच भाग म्हणून नोकरी देणाऱ्या संस्थेने भरलेला असतो. तो वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि कौन्सिलला रस्ते दुरुस्तीसाठी किंवा तूट भरून काढण्यासाठी त्याला हात लावता येत नाही.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा. ब्रिटनमधील बहुतेक सार्वजनिक पेन्शन योजनांमागे निधीच नसतो. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतील डॉक्टर-परिचारिका किंवा शाळेतील शिक्षक यांची पेन्शन चालू वर्गणीतून आणि सरकारी तिजोरीतून दिली जाते. एलजीपीएसमागे मात्र खरोखरीचा गुंतवलेला निधी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये असे ८६ फंड असून मार्च २०२४ मध्ये त्यांची एकूण मालमत्ता सुमारे ३९२ अब्ज पौंड होती. त्यामुळे एकाच शाळेतील शिक्षिका आणि तिच्या वर्गातील मदतनीस यांची पेन्शन दोन अगदी भिन्न व्यवस्थांतून येते. एवढी मोठी रक्कम गुंतलेली असताना कोणत्याही पक्षाच्या सरकारची नजर तिच्यावर न गेली तरच नवल.

पायरी २ : कौन्सिल टॅक्सचे बिल ओळीओळीने वाचा

बिलावर घराचा गट ‘ए’ ते ‘एच’ यांपैकी एका अक्षराने दिलेला असतो. हा गट १ एप्रिल १९९१ रोजी त्या घराची जी किंमत आली असती, तिच्यावरून ठरतो. गेल्या तीसहून अधिक वर्षांत इंग्लंडमध्ये फेरमूल्यांकन झालेले नाही, आणि कोणत्याही सरकारला ते करण्याचे धैर्य झालेले नाही, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. ‘डी’ हा मधला गट हिशेबाचा पाया मानतात. ‘ए’ गटाला त्याच्या नऊपैकी सहा भाग, तर ‘एच’ गटाला दुप्पट कर बसतो.

त्याखाली पैसे मागणाऱ्या संस्थांची यादी असते : तुमची कौन्सिल, पोलीस, अग्निशमन दल, आणि काही ठिकाणी पॅरिश, म्हणजे गाव-वस्तीच्या पातळीवरील लहान कौन्सिल. टॅक्स वाढला म्हणून कौन्सिलला बोल लावण्यापूर्वी वाढ नेमकी कोणत्या ओळीत आहे ते पाहावे. ‘प्रौढांची सामाजिक काळजी’ अशी वेगळी टक्केवारी दिसली, तर ती वृद्ध आणि अपंग यांच्या सेवेसाठी राखलेली वाढ असते.

घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर २५ टक्के सवलत मिळते, आणि सर्व रहिवासी पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कर माफ असतो. दोन्हींसाठी अर्ज करावा लागतो. बिल साधारणपणे दहा हप्त्यांत येते. मागणी केल्यास बारा हप्ते करून मिळतात.

पायरी ३ : कौन्सिलच्या खर्चावर सरकारचे नियंत्रण कसे चालते, ते समजून घ्या

महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर महापालिकेचे चित्र असते. तेथे आयुक्त हा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी असतो आणि प्रशासनाची सूत्रे बव्हंशी त्याच्याकडे असतात. इंग्लंडमध्ये कौन्सिलचा मुख्य अधिकारी कौन्सिलच नेमते. त्यामुळे सरकारचा माणूस रोजच्या कारभारात दिसत नाही. नियंत्रण दुरून आणि मुख्यतः चार मार्गांनी चालते.

पहिला मार्ग अनुदानाचा. डिसेंबरमध्ये सरकार पुढील वर्षाच्या अनुदानाचा मसुदा जाहीर करते आणि फेब्रुवारीत तो अंतिम होतो. काही अनुदाने ठरावीक कामांना जखडलेली असतात; शाळांसाठी आलेला पैसा शाळांवरच खर्च करावा लागतो. स्थानिक उद्योग-व्यवसायांकडून मिळणाऱ्या करातील किती वाटा कौन्सिलकडे राहील, हेही सरकारच ठरवते.

दुसरा मार्ग करवाढीच्या मर्यादेचा. यामागे जुना संघर्ष आहे. १९२१ मध्ये पूर्व लंडनमधील पॉप्लर या गरीब वस्तीच्या कौन्सिलरांनी जॉर्ज लॅन्सबरी यांच्या नेतृत्वाखाली वरच्या संस्थांसाठी कर वसूल करून देण्यास नकार दिला आणि तीस जणांनी तुरुंगवास पत्करला. पुढे १९८४ च्या कायद्याने कौन्सिलच्या करावर थेट सरकारी कमाल मर्यादा घालण्याची सोय झाली. लिव्हरपूलसारख्या कौन्सिलांनी तिला आव्हान दिले, आणि वेळेत कर न ठरवल्याबद्दल तेथील कौन्सिलरांकडून वैयक्तिक वसुली झाली. आजची पद्धत २०११ च्या कायद्याने आलेली आणि दिसायला सौम्य आहे. सरकार दरवर्षी एक टक्केवारी जाहीर करते; तिच्यापुढे जायचे असेल तर कौन्सिलने स्थानिक सार्वमत घ्यावे. सामाजिक काळजीची जबाबदारी असलेल्या कौन्सिलांसाठी २०२३-२४ पासून सलग तीन वर्षे ही मर्यादा पाच टक्क्यांच्या जराशी खाली होती. त्यांपैकी दोन टक्के प्रौढांच्या काळजीसाठी राखलेले होते. म्हणूनच बिलावर ४.९९ हा आकडा इतक्या ठिकाणी दिसतो. कर वाढवण्यासाठी मतदारांकडे जाण्याचा प्रयोग २०१५ मध्ये बेडफर्डशायरच्या (तेथे हे पद निवडणुकीने भरतात) पोलीस आयुक्तांनी करून पाहिला आणि मतदारांनी तो फेटाळला. कागदावर ही निवड मतदारांची असली, तरी प्रत्यक्षात ती सरकारने आखलेली लक्ष्मणरेषाच आहे.

तिसरा मार्ग कर्जाचा. कौन्सिलला इमारती, रस्ते, घरे यांसाठी कर्ज काढता येते. पगार आणि रोजचा खर्च भागवण्यासाठी काढता येत नाही. अंदाजपत्रक जमाखर्च जुळवूनच मांडावे लागते. हे बंधन केंद्र सरकारने स्वतःवर मात्र घालून घेतलेले नाही. ताळमेळ जमतच नसेल, तर कौन्सिल मंत्र्यांकडे खास परवानगी मागते, आणि तशी परवानगी मिळाल्यास मालमत्ता विकून किंवा कर्ज काढून चालू खर्च भागवता येतो. २०२५-२६ साठी ३० कौन्सिलांना अशी ‘अपवादात्मक मदत’ मंजूर झाली. नाव मदतीचे असले तरी बहुतांशी ते कौन्सिलने स्वतःच फेडायचे कर्ज असते.

चौथा आणि सर्वांत कठोर मार्ग म्हणजे थेट हस्तक्षेप. प्रत्येक कौन्सिलमध्ये अर्थकारभाराला कायद्याने जबाबदार असा एक अधिकारी असतो. खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होणार असे त्याला दिसले, तर १९८८ च्या कायद्याच्या कलम ११४ खाली सूचना काढणे त्याच्यावर बंधनकारक असते. मग कायद्याने आवश्यक असलेल्या सेवा सोडून नवा खर्च थांबतो आणि कौन्सिलला २१ दिवसांच्या आत बैठक घ्यावी लागते. नॉर्थम्प्टनशायर (२०१८), क्रॉयडन (२०२०), स्लाव (२०२१), थरॉक (२०२२), वोकिंग, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम (२०२३) येथे हे घडले. वर्तमानपत्रे याला ‘दिवाळखोरी’ म्हणतात. तो शब्द दिशाभूल करणारा आहे. इंग्लिश कौन्सिल कंपनीसारखी दिवाळखोर होऊन बंद पडत नाही, कचऱ्याची गाडी येते आणि पगारही होतात.

स्लावचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे, कारण तेथे भारतीय वस्ती मोठी आहे. जुलै २०२१ मध्ये कलम ११४ ची सूचना निघाली. त्याच वर्षी डिसेंबरपासून कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी मंत्र्यांनी नेमलेले आयुक्त आले आणि कौन्सिलने आपली मालमत्ता मोठ्या प्रमाणावर विकायला काढली. २०२३-२४ मध्ये सरकारने स्लाव आणि थरॉकला सार्वमताशिवाय दहा टक्क्यांपर्यंत, तर क्रॉयडनला पंधरा टक्क्यांपर्यंत करवाढीची मुभा दिली, आणि तिघांनीही ती पुरेपूर वापरली. जी मर्यादा करदात्याच्या रक्षणासाठी म्हणून घातलेली, ती कौन्सिल अडचणीत येताच सरकारच सैल करते, आणि चुकीच्या निर्णयांचा भार शेवटी त्याच करदात्यावर पडतो. नव्या गावात घर घेण्यापूर्वी शाळांची यादी आपण सगळेच पाहतो. तेथील कौन्सिल कलम ११४ च्या यादीत आहे का, हेही पाहून घ्यावे.

पायरी ४ : अंदाजपत्रकातील योग्य पान आधी उघडा

कौन्सिलने ११ मार्चच्या आत पुढील वर्षाचा कर ठरवायचा असतो, त्यामुळे अंदाजपत्रकाची मुख्य बैठक फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चच्या आरंभी होते. बैठकीची कागदपत्रे कौन्सिलच्या संकेतस्थळावर काही दिवस आधी येतात. ती शेकडो पानांची असतात आणि पहिली पंचवीस-तीस पाने बहुधा नेत्यांच्या प्रस्तावनेत खर्च झालेली असतात. ती सोडून थेट अर्थाधिकाऱ्याचे निवेदन शोधावे. २००३ च्या कायद्याच्या कलम २५ नुसार त्याला दोन गोष्टी लेखी सांगाव्याच लागतात : अंदाज विश्वासार्ह आहेत का, आणि राखीव निधी पुरेसा आहे का. हे निवेदन कितीही सभ्य भाषेत लिहिलेले असले, तरी ‘लक्षणीय जोखीम’, ‘बचतीची उद्दिष्टे साध्य न झाल्यास’ असे शब्दप्रयोग वारंवार आले तर पाणी मुरते आहे असे समजावे.

त्यानंतर तीन आकडे टिपावेत : राखीव निधी गेल्या तीन वर्षांत कसा बदलला, मुले आणि प्रौढ यांच्या काळजीवर एकूण खर्चाचा किती भाग जातो, आणि कर्जावरील व्याज व परतफेड किती आहे. मोठ्या कौन्सिलांत दुसरा आकडा बहुधा निम्म्याहून अधिक असतो. ग्रंथालय का बंद होते आणि पदपथ का दुरुस्त होत नाही, याचे उत्तर बव्हंशी त्यात असते. आणि जाता जाता : ज्या कौन्सिलराचा स्वतःचा कौन्सिल टॅक्स दोन महिने थकला असेल, त्याला या बैठकीत मत देता येत नाही.

पायरी ५ : पगारातील कपात आणि तिचा मोबदला तपासा

एलजीपीएसमध्ये पगारानुसार ५.५ ते १२.५ टक्के कपात होते. दरवर्षी त्या वर्षीच्या पगाराचा ४९ वा भाग तुमच्या पेन्शनच्या खात्यात जमा होतो आणि पुढे महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढत राहतो. वर्षाला २४,५०० पौंड पगार असलेल्या मदतनिसाची कपात ५.८ टक्क्यांच्या दराने १,४२१ पौंड होते. त्यावर प्राप्तिकरात सूट असल्याने हातात येणारा पगार त्याहून कमी रकमेने घटतो. त्या एका वर्षाच्या बदल्यात निवृत्तीनंतर आयुष्यभर दरवर्षी ५०० पौंड, आणि तेही महागाईप्रमाणे वाढवून मिळतात. नोकरीत असताना मृत्यू आल्यास वारसांना तीन वर्षांच्या पगाराइतकी रक्कम मिळते. आपण दोनच वर्षांसाठी आलो आहोत म्हणून कपात नको, असे म्हणून योजनेतून बाहेर पडण्याचा सल्ला मित्रमंडळींत सर्रास दिला जातो. माझ्या मते तो बहुतेकांसाठी चुकीचा आहे. फारच ओढाताण असेल तर निम्मी कपात आणि निम्मी पेन्शन हा पर्याय योजनेतच आहे, आणि त्यात मृत्यूविषयीचे संरक्षण पूर्ण राहते.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागलेल्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद करण्यात आली, आणि त्यावरून मार्च २०२३ मध्ये मोठा संप झाला, हे वाचकांना आठवत असेल. तेथील वादात ‘निधी असलेली योजना’ म्हणजे ‘बाजारावर अवलंबून असलेली पेन्शन’ असे समीकरण रूढ झाले. एलजीपीएसला ते लागू नाही. येथे निधी आहे, तो शेअर बाजारातही गुंतलेला आहे, पण पेन्शनचे सूत्र कायद्यात लिहिलेले आहे. बाजार पडला तरी तुमचा ४९ वा भाग ४९ वाच राहतो. फरक पडला तर तो नोकरी देणाऱ्या संस्थेच्या वर्गणीत पडतो.

यानंतर तुमचा फंड कोण चालवते ते शोधावे. तो तुमच्याच कौन्सिलकडे असेल असे नाही. स्लाव कौन्सिलच्या कर्मचाऱ्यांची पेन्शन बर्कशायरच्या फंडात आहे आणि तो चालवते शेजारची विंडसर आणि मेडनहेड कौन्सिल. १९९८ मध्ये बर्कशायरची काउंटी कौन्सिल विसर्जित होऊन सहा स्वतंत्र कौन्सिला झाल्या, पण फंड फोडला गेला नाही. मँचेस्टर परिसराचा प्रचंड फंड टेमसाइडकडे, तर बर्मिंगहॅमसह वेस्ट मिडलंड्सचा वुल्व्हरहॅम्प्टनकडे आहे. म्हणजे स्लाव आणि बर्मिंगहॅम येथे कलम ११४ ची सूचना निघाली तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांचा निधी त्या कौन्सिलांच्या ताब्यात नव्हताच. आणि असता तरी वेगळा ठेवावाच लागला असता.

पायरी ६ : फंडावर सरकारचा अधिकार किती, हे समजून घ्या

पेन्शनचे नियम, कपातीचे दर, निवृत्तीचे वय हे सर्व सरकार विनियमांद्वारे ठरवते. गुंतवणुकीचे निर्णय मात्र परंपरेने प्रत्येक फंडाच्या समितीचे असत. या समितीत प्रामुख्याने कौन्सिलर असतात आणि तज्ज्ञ सल्लागार त्यांना सल्ला देतात. सरकारला या निर्णयांत कितपत ढवळाढवळ करता येते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तो निकाल या विषयात सर्वांत मोलाचा आहे.

२०१६ मध्ये सरकारने फंडांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ब्रिटनच्या परराष्ट्र किंवा संरक्षण धोरणाशी विसंगत अशी गुंतवणूकबंदी किंवा बहिष्कार फंडांनी अंगीकारू नये, असे त्यांत म्हटले होते. पॅलेस्टाइन सॉलिडॅरिटी कॅम्पेन या संघटनेने त्याला आव्हान दिले. उच्च न्यायालयात ती जिंकली, अपील न्यायालयात हरली, आणि २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. फंडांनी गुंतवणुकीचा विचार कसा करावा, हे सांगण्याचा अधिकार कायद्याने मंत्र्यांना दिला होता; कोणती गुंतवणूक करू नये हे सांगण्याचा दिला नव्हता, असे बहुमताचे म्हणणे होते. न्यायमूर्ती लॉर्ड विल्सन यांनी याच निकालात सरकारच्या मूळ समजुतीवरही बोट ठेवले : फंड म्हणजे सरकारी यंत्रणेचा भाग आणि त्यातील पैसा म्हणजे सरकारी पैसा, हा विचारच त्यांनी चुकीचा ठरवला. पहिल्या पायरीत सांगितलेल्या भेदाला न्यायालयाचा असा आधार आहे.

मात्र कथा तेथे संपली नाही. निकाल सरकारच्या विरुद्ध गेला, तो अधिकार नव्हता म्हणून. संसदेने २०२२ च्या कायद्यात तसा अधिकार घालून दिला. आता फंडांनी ब्रिटनच्या परराष्ट्र आणि संरक्षण धोरणाविरुद्ध गुंतवणुकीचे निर्णय घेऊ नयेत अशा सूचना सरकारला काढता येतात. ब्रिटनमध्ये न्यायालयात हरलेले सरकार संसदेतून परत येऊ शकते. म्हणून ‘कोर्टाने आधीच ठरवले आहे’ असे कोणी सभेत छातीठोकपणे सांगू लागले, तर त्यानंतर कायदा बदलला का, हे विचारावे.

दुसरा आणि अधिक व्यापक हस्तक्षेप फंड एकत्र आणण्याचा आहे. २०१५ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी फंडांनी मोठे गट करावेत, म्हणजे खर्च कमी होईल आणि देशातील पायाभूत सुविधांत पैसा येईल, असा आग्रह धरला. त्यातून आठ गट, म्हणजे ‘पूल’, तयार झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी ती प्रक्रिया सक्तीच्या वळणावर नेली : सर्व मालमत्तेचे व्यवस्थापन मार्च २०२६ पर्यंत पूलकडे सोपवावे, पूल ही नियामकाची मान्यता असलेली कंपनी असावी, आणि प्रत्येक फंडाने स्थानिक गुंतवणुकीचे उद्दिष्ट ठरवावे. एप्रिल २०२५ मध्ये ‘अ‍ॅक्सेस’ आणि ‘ब्रुनेल’ या दोन पूलांच्या योजना सरकारने नाकारल्या आणि त्यांतील २१ फंडांना दुसरे घर शोधण्यास सांगितले. हुजूर पक्षाचे ऑस्बॉर्न आणि मजूर पक्षाच्या रीव्ह्ज, या दोन्ही पक्षांच्या अर्थमंत्र्यांचे तर्क जवळजवळ सारखेच आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मोठ्या पूलमुळे शुल्क कमी होऊ शकते, हे खरे आहे. पण देशातील प्रकल्पांत गुंतवा असे सांगताना त्या प्रकल्पातून पुरेसा परतावा मिळेल का, हा प्रश्न समितीने विचारलाच पाहिजे. समितीची पहिली बांधिलकी पेन्शन वेळेवर देण्याशी आहे. गावात घरे बांधणे हे चांगले काम असले, तरी ते पेन्शन फंडासाठी चांगली गुंतवणूक ठरेलच असे नाही.

पायरी ७ : दोन्ही पैशांना जोडणारा दुवा पाहा

दर तीन वर्षांनी विमागणितज्ञ प्रत्येक फंडाचे मूल्यांकन करतात. अलीकडची मूल्यांकने ३१ मार्च २०२२ आणि ३१ मार्च २०२५ या तारखांची आहेत. फंडाकडील मालमत्ता पुढे द्यायच्या पेन्शनच्या तुलनेत किती आहे, यावरून कौन्सिलने किती वर्गणी भरायची ते ठरते. हा दर बऱ्याच कौन्सिलांत पगाराच्या एक-पंचमांशाच्या आसपास राहिला आहे आणि तो कौन्सिल टॅक्स व अनुदानातूनच जातो. ‘आमच्या करातून यांच्या पेन्शनी’ ही तक्रार येथून उगवते. तिच्यात तथ्य एवढेच की वर्गणी हा पगारखर्चाचा भाग आहे.

गेल्या काही वर्षांत व्याजदर चढल्याने अनेक फंडांत शिल्लक दिसू लागली आहे आणि दर कमी करण्याचा दबाव वाढला आहे. अडचणीतील कौन्सिलला दरकपात म्हणजे तातडीचा दिलासा वाटतो. पण ती फार मोठी केली आणि पुढच्या मूल्यांकनात बाजार उतरलेला निघाला, तर तोच भार व्याजासह परत येतो. आपल्या फंडाचे मूल्यांकन उघडून कौन्सिलचा जुना आणि नवा दर शेजारी शेजारी लिहावा, आणि तो बदल अंदाजपत्रकात ‘बचत’ म्हणून दाखवला आहे का ते तपासावे.

पायरी ८ : प्रश्न योग्य दारात विचारा

भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक असल्याने, येथे राहण्याचा वैध परवाना असल्यास त्यांना कौन्सिलच्याच नव्हे, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येते. अनेक जण कित्येक वर्षे व्हिसावर राहूनही नाव नोंदवत नाहीत, कारण हा हक्क आपल्याला आहे हेच त्यांना ठाऊक नसते. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. नाव नोंदवण्याचा दुसरा फायदा कमी लोकांना माहीत आहे : दरवर्षी उन्हाळ्यात ३० कामकाजाचे दिवस कौन्सिलचे हिशेब, बिले आणि करारनामे तपासण्यासाठी खुले असतात, आणि त्या काळात नोंदलेला मतदार लेखापरीक्षकाला प्रश्न विचारू शकतो, किंवा एखादा खर्च बेकायदेशीर वाटल्यास लेखी आक्षेप घेऊ शकतो. याची सूचना संकेतस्थळाच्या कोपऱ्यात लावलेली असते, शोधावी लागते. इतर वेळी ५०० पौंडांवरील खर्चाची यादी कौन्सिलने प्रसिद्ध करायची असते आणि माहिती अधिकाराच्या अर्जाला २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते.

पेन्शन फंडाचा हिशेब तो फंड चालवणाऱ्या कौन्सिलच्या हिशेबपुस्तकात छापलेला असतो. स्लावमधील कर्मचाऱ्याने तो स्लावच्या नव्हे, तर विंडसर आणि मेडनहेडच्या पुस्तकात शोधावा. प्रत्येक फंडाला एक स्थानिक पेन्शन मंडळही असते आणि त्यात सदस्यांचे व मालकांचे प्रतिनिधी समसमान असतात. गुंतवणुकीचा निर्णय हे मंडळ घेत नाही, पण कारभार नियमाप्रमाणे चालतो का, हे ते पाहते. रिक्त जागेसाठी सदस्यांतून अर्ज मागवतात. आपल्या लोकांनी तेथे बसायला हवे, असे मला वाटते. वैयक्तिक हिशेबातील चुकीसाठी आधी फंडाच्या कार्यालयात, मग योजनेच्या दोन टप्प्यांच्या तक्रार प्रक्रियेत, आणि त्यानंतर पेन्शन ऑम्बुड्समनकडे, म्हणजे पेन्शनविषयक तक्रारींच्या लोकपालाकडे, जावे. करवाढ, ग्रंथालय, कचरा यांविषयीची तक्रार आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलराकडे, तर अनुदान किंवा करमर्यादा यांविषयीची खासदाराकडे न्यावी. त्या बाबतीत कौन्सिलरही तुमच्याइतकाच हतबल असतो.

पायरी ९ : नोकरी सोडताना किंवा भारतात परतताना

दोन वर्षांपेक्षा कमी काळ सदस्य असाल, तर भरलेली वर्गणी कर कापून परत घेता येते. हा कर साधारणतः २० टक्के असतो, आणि मालकाने भरलेला वाटा मिळत नाही. दोन वर्षे पूर्ण झाली की परतावा मिळत नाही. पेन्शन तुमच्या नावे राखून ठेवली जाते आणि महागाईप्रमाणे वाढत राहते. म्हणून तेवीसाव्या महिन्यात राजीनामा देण्यापूर्वी कॅलेंडर जरूर पाहावे. राखीव पेन्शन पुढे भारतात राहूनही घेता येते आणि तिची वार्षिक वाढ तेथेही चालू राहते. ब्रिटनच्या सरकारी राज्य-पेन्शनचे तसे नाही. ती भारतात राहणाऱ्यांना पहिल्या दिवशीच्या दरावरच गोठलेली मिळते.

निघण्यापूर्वी चार कामे करावीत : पेन्शन फंडाला भारतातील पत्ता आणि नोकरी बदलली तरी बंद न होणारा ईमेल द्यावा, वारसाचे नामनिर्देशन भरावे, वार्षिक विवरणपत्राची प्रत जपून ठेवावी, आणि कौन्सिलला घर सोडल्याची तारीख कळवून कौन्सिल टॅक्सचा हिशेब पुरा करून घ्यावा. आगाऊ भरलेला कर परत मिळतो, पण ब्रिटनमधील बँक खाते आधीच बंद केले असेल तर तो मिळवताना फार खेटे घालावे लागतात.